चार बोटांची साल

सातव्या आठवड्यात पानं पिवळी पडायला लागली.

आधी लोसालिनेने मनाची समजूत घातली, की यंदा ऊनच कडक आहे. मग म्हणाली, जुनी पानं गळायचीच. पण ओहोटीला चिखलात उतरून टोकापर्यंत गेलं, की हिरव्यागार कांदळांच्या पट्ट्यात किनाऱ्याच्या वळणावरची नेमकी नऊ झाडं कावीळ झाल्यासारखी दिसायची. नऊच, कारण तिने नऊच सोलली होती.

कडेवर मेलेनाऊ होती, अकरा महिन्यांची. दात येत होते, म्हणून आईच्या खांद्यावरचं कापड चावून चावून ओलंचिंब करत होती. तिच्यासाठीच तर हे सगळं झालं होतं. पुढच्या महिन्यात पोरीचा पहिला वाढदिवस, आणि त्या दिवशी सगळ्यांत मोठा मान आत्याचा. आत्यापुढे सालीचं कापड अंथरायचं, टापा म्हणतात तो. तो जितका लांब आणि जितका गडद, तितकी पोरीच्या आईची पत.

मेलेनाऊची आत्या म्हणजे नवऱ्याची, सातेकीची, थोरली बहीण, तोकीलुपे. तिच्यासमोर सातेकी आजही आवाज चढवत नसे, आणि गावातल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. आठ वर्षांपूर्वीच्या वादळात समुद्राने काठावरची घरांची अख्खी रांग नेली होती. उरली ती फक्त वळणावरची नऊ जुनी कांदळं. तोकीलुपेने त्याच झाडांखालच्या शेंगा वेचल्या, बायका गोळा केल्या आणि मांडीभर चिखलात उतरून एकेक शेंग रोवली. पुरुष मंडळी हसली. मग झाडं डोक्याइतकी झाली, मुळांत खेकडे आले, खेकड्यांमागे करडे बगळे आले, समोरच्या चिखलावर सोनचिखल्यांचे थवे उतरायला लागले, आणि हसणं बंद झालं. तरीही लाटेचा पहिला दणका झेलायची ती वळणावरची नऊच. पोरं मागे, म्हाताऱ्या पुढे, असं तोकीलुपे म्हणायची.

लोसालिनेला यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. ती वावाउची, दुसऱ्या बेटावरची. तिच्या माहेरी समुद्र डोंगराच्या पायाशीच खोल होतो, चिखल असा नाहीच. तिच्या आईने टापाचा रंग कायम बाटलीतून विकत आणला. रंग कांदळाच्या सालीतून निघतो एवढं ऐकून ती एका दुपारी बाळाला पाठीशी बांधून वळणावर गेली. झाडं बघितली ती जाड बघितली. वर सुरीची एक रेघ, खाली एक रेघ, मध्ये उभी चीर. साल पायमोज्यासारखी अख्खी निघून आली. तिला गंमतच वाटली. आतलं लाकूड ओलं आणि गुलाबी होतं, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाच्या पाठीसारखं. तिने त्यावरून हातसुद्धा फिरवला होता.

पुढे तीन आठवड्यांनी बायका रंग लावायला जमल्या. लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बसून, कापडावर रंगाचे बोळे घासता घासता, म्हातारी फिनेआसी म्हणाली, "अगं वावाउ, रंग कसला सुरेख निघालाय. कुठली साल?"

"बाजारातली," लोसालिने म्हणाली. न विचारता घेतली होती, एवढंच तेव्हा मनात खात होतं.

"मग बाजारवाल्याने कुणाची तरी झाडं मारली असणार. चार बोटांच्या पट्टीने एवढी साल निघते होय? माझ्या सासूने मला चाळीस वर्षं सोललं, पण चार बोटंच, आणि एका अंगाने. म्हणून तर जिवंत आहे."

बायका खिदळल्या. लोसालिनेचा हात फळीवर तसाच राहिला. "आणि सगळीकडून सोललं तर?"

"तर काय. गळाच चिरला की झाडाचा. वरचं अन्न खाली जाणार कुठून? हळूहळू पानं टाकतं आणि मरतं." फिनेआसीने तिच्याकडे बघितलं. "हे काय विचारायचं? शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

माहीत असतं म्हणूनच कुणी सांगत नाही. त्या दिवशी ओहोटी लागताच ती वळणावर धावली आणि नऊही झाडांच्या उघड्या अंगाला चिखल फासून आली. का फासला, तिचं तिला कळेना. जखम भरेल म्हणून, की दिसू नये म्हणून. वळण गावातून दिसत नाही, बायका झाडांच्या पाहणीला पुढच्याच महिन्यात उतरणार, आणि तोकीलुपेच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून एवढे दिवस निभावलं.

सातेकी ऑस्ट्रेलियात संत्री तोडायला गेला होता. त्याला तिने फोनवर सगळं सांगून टाकलं.

"सगळी नऊ?"

"हो."

"ताईला आत्ता नको सांगू. वाढदिवस होऊन जाऊ दे. मी आलो की मीच सांगेन."

"तू येणार एप्रिलमध्ये."

"मग एप्रिलमध्ये सांगेन. आमची बस आली बघ, ठेवतो." त्याच्या मागून कुणीतरी त्याच्या नावाने हाका मारत होतं. पोरगी फोनकडे हात करून "बा, बा" करत राहिली, तोवर फोन बंद झाला होता.

त्यानंतर तिचं दूध कमी झालं. बाळ छातीशी धरलं की डोळ्यांपुढे ती झाडं यायची आणि बाळ चिडून मान झटकायचं.

गुरुवारी सकाळी रेडिओने सांगितलं, उत्तरेकडचं वादळ वळलंय. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास, ऐन भरतीला, या बाजूने जाईल. गावचा ऑफिसर भोंगा घेऊन रस्त्याने फिरला: काठावरच्या सगळ्यांनी टेकाडावर, चर्चच्या हॉलमध्ये यायचं.

लोसालिने नणंदेकडे गेली. तोकीलुपेचं घर काठावर अगदी पुढे होतं, त्या वादळानंतर पुन्हा बांधलेलं, जमिनीवरच. ती ओसरीवर बसून अळूच्या पानांत मांस गुंडाळत होती, वर नारळाचं दूध ओतत होती. डोळ्यांनी नव्हे, बोटांनीच.

"ताई, हॉलमध्ये कधी निघायचं?"

"मी कशाला जाऊ हॉलमध्ये? तिथे सगळे रात्रभर घोरतात." तिने पुडी बांधली. "दोन वर्षांमागे आलं होतं ना वादळ, तेव्हा कुठे गेले होते? इथेच बसले होते, चहा घेऊन. पाणी झाडांत शिरलं, दमलं, माझ्या पायरीशी आलं आणि परत गेलं. कुत्रं कसं, हाकललं की शेपूट घालून जातं. तसं."

"पण हे वादळ मोठं आहे म्हणतात."

"झाडंही मोठी झालीत. फिनेआसीला, वाइमोआनाला, त्या बहिऱ्या मोसेसेला, काठावरच्या तिघांना सांगून आले, की घरीच थांबा. गावाने एवढी वर्षं झाडं राखली ती कशासाठी? पहिल्याच भोंग्याला पळायला?" ती थांबली. "बगळे मात्र वळणावरून उठून गेलेत म्हणे. का कोण जाणे. माझ्या मेल्या डोळ्यांना तेवढं लांबचं दिसत नाही."

लोसालिनेने अळूची पुढची पानं तिच्या हाताशी सरकवली.

"आणि पोरीला शनिवारी माझ्याकडे आणून ठेव," तोकीलुपे म्हणाली. "त्या हॉलमध्ये शंभर माणसं खोकणार. तिला दात येतायत, ताप भरेल. इथे माझ्याजवळ निजेल. तूही ये हवं तर."

यावर नाही म्हणता येत नाही. भाचीवर आत्याचा हक्क आईच्याही आधी. लोसालिने "बरं" म्हणाली आणि घरी येऊन चुलीपुढे बसून राहिली. मानिओकेचे कंद उकळून उकळून फुटले तरी तिच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिने पोरीला न्हाऊ घातलं. न्हाऊ घालताना वाक्यं जुळवत होती. ताई, माझ्या हातून एक चूक झाली. नको. ताई, तुम्ही रागावणार नसाल तर. छे. बाळाने टपात थपडा मारून तिच्या तोंडावर पाणी उडवलं आणि हसलं. खालच्या हिरडीत दाताची पांढरी कणी दिसली, आजच फुटलेली. लोसालिनेने तिला पुसलं, थोरामोठ्यांकडे जाताना गुंडाळतात तशी कमरेला चटई गुंडाळली आणि निघाली. वाटेत वाक्यं सगळी सांडून गेली.

"ताई, पोरीला मी तुमच्याकडे नाही ठेवणार."

तोकीलुपे झाडू मारत होती. झाडू थांबला. "काय म्हणालीस?"

"आणि तुम्हीही इथे थांबू नका. वळणावरची नऊ झाडं मरतायत. मी मारली."

बाहेर वाऱ्याने अजून जोर धरला नव्हता. नारळाच्या झावळ्या नुसत्या एका बाजूला कलल्या होत्या.

"हात धर," तोकीलुपे म्हणाली. "दाखव."

ओहोटी होती. एका कडेवर बाळ, दुसऱ्या हाताला नणंद, अशी ती चिखलातून चालली. तोकीलुपे पडेल या भीतीने तिचा हात घट्ट धरावा लागत होता, आणि तो हात इतका थंड होता की सोडावासा वाटत होता. पहिल्या झाडाशी तोकीलुपेने तळवा टेकला. चिखल वाळून कडक झाला होता. तिने नखाने तो खरवडला, खालचं लाकूड चाचपलं आणि हात बुंध्याभोवती पूर्ण फिरवून आणला. साल कुठेतरी असेल म्हणून. मग दुसऱ्या झाडाशी गेली. असं नवव्या झाडापर्यंत.

"चिखल कशाला लावलास?"

"लपवायला."

"हं." ती झाडाला टेकून उभी राहिली. "कधीचं हे?"

"सात आठवडे झाले. मला माहीत नव्हतं ताई. आमच्याकडे..."

"टापासाठी?"

"तुमच्यासाठी. तुमच्यापुढे अंथरायचा म्हणून."

तोकीलुपेने तोंड फिरवलं. समोरच्या चिखलावर सोनचिखल्या चार पावलं धावत, थांबत, पुन्हा धावत होत्या. रोजच्यासारख्याच.

"तो टापा माझ्यापुढे अंथरू नकोस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि लोसालिनेला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं. "बाकीचं मग बोलू. तीन घरांना मी घरी बसवलंय. चल."

"कुठे?"

"त्यांच्या दारी. तू सांगायचंस. मी सांगितलं तर म्हणतील, तोकीलुपे म्हातारी झाली, घाबरली. का घाबरायचं ते तुझ्या तोंडून कळू दे."

फिनेआसी अंगणातले कपडे काढत होती. सगळं ऐकून आधी हसली. "म्हणजे तो बाजारवाला तूच." मग तिला उरलेलं कळलं आणि हसू विरलं. आत गेली आणि चटया गुंडाळायला लागली. निघताना एवढंच म्हणाली, "त्या दिवशी विचारलंस ना, तेव्हाच बोलायचं होतंस गं. निदान हिच्यापाशी."

वाइमोआनाने दारातूनच ऐकलं. "त्या शेंगा माझ्या आईने वेचल्या होत्या," ती लोसालिनेकडे न बघता तोकीलुपेला म्हणाली. "गुडघ्याचं दुखणं घेऊन मेली ती, पण वेचल्या. आणि तुझी ही वावाउची राणी एका दुपारी सोलून बसली." दार लागलं. आतून पेट्या ओढल्याचा आवाज आला तेव्हा कुठे दोघी पुढे निघाल्या.

म्हातारा मोसेसे पायरीवर बसून काठी तासत होता. त्याला कमी ऐकू येई.

"मोसेसे आजोबा, हॉलमध्ये चला. झाडं मेलीत."

"कोण मेलं?"

"झाडं. वळणावरची."

"काय झालं त्यांना?"

"मी साल काढली. सगळीकडून."

"मोठ्याने बोल, पोरी."

"मी मारली झाडं," ती ओरडली. आवाज फाटला, बाळ दचकून रडायला लागलं. गल्लीतली दोन दारं उघडली, कुंपणापाशी कुणीतरी थबकलं. म्हाताऱ्याने कानाला हात लावला आणि पुन्हा म्हणाला, "काय मारलीस?" तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तोकीलुपे शेजारी उभी होती. मधे पडली नाही.

"एवढं सांगायला इतका वेळ?" मोसेसे उठत म्हणाला. "ती पिशवी उचल मग."

शनिवारी दुपारपासून हॉलचं छप्पर थरथरत होतं. माणसं चटयांवर दाटीवाटीने बसली होती, आणि लोसालिनेच्या चटईभोवती तेवढी हातभर जागा मोकळी होती. कुणी वाईट बोललं नाही. तिच्या डोक्यात एकच हिशोब फिरत होता: आता दोन वाजले, पाणी अजून खाली, आता साडेतीन, मुळांशी आलं असेल. दाराच्या फटीतून मैदान दिसत होतं. तिथे गवतावर सोनचिखल्या अंग चोरून बसल्या होत्या, सगळ्या वाऱ्याकडे तोंड करून.

मेलेनाऊला कुणाचा राग माहीत नव्हता. ती रांगत रांगत निघाली, दोन चटया ओलांडून तोकीलुपेच्या मांडीवर चढली आणि तिच्या कमरेच्या चटईचा काठ चघळायला लागली. तोकीलुपेने तिला जवळ घेतलं. लोसालिनेकडे बघितलं नाही.

पाचनंतर खालून एक आवाज आला. लाटेचा नव्हे, काहीतरी जड ओढत नेल्यासारखा. ऑफिसरने उगीचच माणसं मोजली, पुन्हा मोजली. तोकीलुपेचे डोळे मिटलेले होते आणि बाळाच्या पाठीवर थोपटणारा हात मधेच थांबला होता. लोसालिनेने तो हात पुन्हा हलेपर्यंत श्वास धरून ठेवला.

रविवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. प्रार्थना झाली, ओल्या कपड्यांतच झाली, आणि मग लोक खाली उतरले.

पाणी वळणावरूनच आत शिरलं होतं. ती नऊ झाडं उभी होती, पण फांद्या मोडून बोडकी झालेली. मागची तरणी झाडं त्या पट्ट्यात लोळली होती, पण दोन्ही बाजूंची उभी होती, आणि फिनेआसीच्या, वाइमोआनाच्या घरात घोट्याइतकाच गाळ होता. मोसेसेची पायरी गेली होती, घर होतं. तोकीलुपेचं दार फुगून बसलं होतं. लोसालिनेने खांदा लावून ढकललं.

तोकीलुपे उंबऱ्यातच थांबली. "किती आलं होतं?"

भिंतीवर चिखलाची रेघ होती, पट्टी धरून ओढल्यासारखी.

"कमरेपर्यंत."

"तुझ्या?"

"तुमच्याही."

पलंग उलटा होऊन खिडकीत अडकला होता. वादळाच्या अंधारात, धड दिसत नसताना, कडेवर बाळ घेऊन तोकीलुपे इथे असती. दोघींनीही ते मनात बघितलं असणार. तोकीलुपेचा हात सवयीने दारामागे गेला, झाडू शोधायला, आणि मागे आला. रविवार देवाचा, झाडूसुद्धा हातात धरायचा नाही, कुणाचं घर गाळाने भरलेलं असलं तरी. मग ती बाहेर येऊन उलट्या पडलेल्या टपावर बसली. लोसालिने उभीच राहिली. आत गाळ वाळत होता आणि हाताला काही काम नव्हतं.

"ती नऊ तोडून टाकायची का?" तिने शेवटी विचारलं.

"तोडायची कशाला? मेलेलं कांदळही दोनेक वर्षं उभं राहतं. मुळं चिखल धरून ठेवतात. त्यांच्या आडोशाला नवी लावायची. ती कुजून पडायच्या आत नव्यांनी जीव धरला, तर धरला."

"आणि त्याआधी पुन्हा असं वादळ आलं तर?"

बाळाने तोकीलुपेकडे हात पसरले. तिने घेतलं, आणि बराच वेळ त्याच्या केसांतली माती बोटांनी काढत राहिली.

"ऐक," ती म्हणाली. "शेंग झाडावरून ओढायची नाही. हात लावला की सुटेल तीच घ्यायची. आधी वाकवून बघायची, लवचिक हवी. पोकळ लागली तर टाकून द्यायची. टोक खाली, वीतभर आत, जास्त नाही. उघड्या चिखलात लावायची नाही, तिथे पाखरं चरतात आणि झाडही जगत नाही. पट्ट्याच्या आतच लावायची. हे सगळ्यांना माहीत असतं. मी पुन्हा सांगतेय."

"हो ताई."

"हो म्हणू नकोस. म्हणून दाखव."

लोसालिनेने म्हणून दाखवलं. पोकळ शेंगेपाशी ती अडखळली, तेव्हा तोकीलुपेने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली तरी दोघी उठल्या नाहीत. समोर भरती चढत होती. लोसालिने शब्द पाठ करत होती, आणि तिची नजर सारखी वळणाकडे जात होती, जिथून पाणी आता थोडं लवकर आत येत होतं.